उडवायचंय ना? मग आधी कापा!

परवा रविवारी माळावर पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा मीच हरलो. कारण सोपं आहे. वाद घालताना माझ्या हातात एक मोडकं विमान होतं आणि समोरच्याच्या हातात खोक्यातून नुकतंच काढलेलं, स्टिकर लावलेलं, चकचकीत. मोडकं विमान हातात धरून वाद जिंकलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. म्हणून आता घरी येऊन, आंघोळ करून, चहाचा कप शेजारी ठेवून सविस्तर लिहितोय. इथे मला मध्येच कोणी तोडत नाही :-)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही काही जण रविवारी पहाटे पाचला पुण्यातून निघून शिरवळच्या पुढे एका माळावर रेडिओवर चालणारी विमानं उडवायला जातो. एवढं लांब का, तर एका बाजूला लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला एनडीए आणि मध्ये सगळीकडे माणसंच माणसं. २०२१ चे ड्रोन नियम आल्यापासून तर आधी नकाशात हिरवा झोन बघायचा आणि मगच डिकी भरायची अशी सवय लागलीय. पहाटे का, तर नऊनंतर वारा सुटतो. आणि विमानं म्हणजे चार पंख्यांचे, कॅमेरा लावलेले ड्रोन नव्हेत. एरोबॅटिक विमानं. जी उलटी उडतात, कुशीवर उडतात, नाक आकाशाकडे करून नुसत्या प्रॉपेलरवर टांगून राहतात.

तर वाद. समोरचा माझाच सहकारी, शेजारच्या टीममधला. म्हणाला, "अरे, तू दोन महिने फोम कापत बसतोस. मी ऑर्डर दिली, शनिवारी खोकं आलं, रात्री बाइंड केलं आणि आज उडवतोय. आपल्याकडे पैसे आहेत, वेळ नाही. घरी कशाला बनवायचं?"

आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "ठीक आहे, मग जायरो बंद करून एक चक्कर मारून दाखव." तो म्हणाला, "का? आहे तर बंद कशाला करू?" आणि सगळे हसले. संपला वाद.

पण माझ्यासाठी संपलेला नाही. विमान विकत घ्यायला माझा विरोध नाही. मी स्वतः घेतलंय, त्याचीच गोष्ट पुढे आहे. माझा विरोध 'बाइंड केलं आणि उडवलं' या वाक्याला आहे. ज्याने आपलं विमान कधी बोटांवर तोललेलं नाही, बॅटरी एक इंच मागे सरकली तर काय होतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याने एक किलोची वस्तू मोटरसायकलच्या वेगाने माणसांच्या आसपास फिरवू नये. कठोर वाटेल. वाटू दे.

आता हा जायरो काय प्रकार आहे ते सांगतो. हल्लीच्या बऱ्याच तयार विमानांत रिसिव्हरमध्येच तो बसवलेला असतो. वाऱ्याने पंख कलला की तुमच्या लक्षात यायच्या आत तो एलेरॉन हलवून पंख सरळ करतो. नाक वर गेलं की इलेव्हेटर खाली, नाक खाली गेलं की इलेव्हेटर वर. तुम्ही जमिनीवर रेडिओ धरून उभे असता आणि तुम्हाला वाटत असतं, वा, काय हात बसलाय आपला! हात तुमचा बसलेला नसतो. हात त्याचा असतो.

मी हेच केलं होतं. २०२३ च्या दिवाळीत बोनस झाला आणि एक तयार विमान मागवलं. पंख एक मीटरपेक्षा थोडे मोठे, वजन किलोभर, जायरो आतच. बॅटरी सांगितलेली २२०० एमएएचची. माझ्याकडे दुसऱ्या एका विमानाची ३३०० ची पडून होती. म्हटलं, जास्त वेळ उडेल! ती नाकातल्या कप्प्यात मावेना, म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्याने मागे, पंखाच्या जवळ बांधली. म्हणजे जड बॅटरी, आणि तीही मागे. तेव्हाच तोलून बघायला पाहिजे होतं. अर्धं मिनिट लागतं हो! पंखाखाली खूण केलेल्या जागी दोन बोटं लावून उचलायचं आणि नाक किंचित खाली झुकतंय का बघायचं. मी बघितलं नाही. कशाला बघू? उडत तर लोण्यासारखं होतं.

दोन रविवार, आठ-नऊ फ्लाइट. लूप, रोल, उलटं उडणं, सगळं. व्हिडिओ काढले, ऑफिसच्या ग्रुपवर टाकले, अंगठे मिळाले.

तिसऱ्या रविवारी वारा जरा लवकर सुटला. उतरवायला आणलं. थ्रॉटल कमी केला, वेग कमी झाला आणि नाक वर जायला लागलं. स्टिक पुढे ढकलली. काहीच नाही. नाक आणखी वर. घाबरून थ्रॉटल पूर्ण उघडला. नाक थेट आकाशाकडे, मग डावा पंख मोडल्यासारखा खाली आणि विमान अर्धी गिरकी घेऊन बांधाच्या दिशेने. बांधावर शेळ्या राखणारा आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बसला होता. आम्ही आलो की तो रोज तिथेच बसायचा, विमानं बघायला.

विमान त्याच्यापासून चार पावलांवर नाकावर आपटलं. मोटर अजून फिरत होती, कारण माझा अंगठा थ्रॉटलवर तसाच पुढे दाबलेला होता. दहा इंची प्रॉपेलर बोटाचं काय करतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

मुलाला काही झालं नाही. तो हसत होता, त्याला वाटलं हाही खेळच. त्याचा आजा मागून चालत आला, तुकड्यांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "इमान ग्वाड हाय वो, पन धरून ठेवता येत न्हाई व्हय?"

मला रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी ते तुकडे टेपने जोडले, बॅटरी तशीच बांधली आणि तोललं. गुरुत्वमध्य असायला हवा त्याच्या दोन सेंटीमीटर मागे! ज्या विमानाच्या पंखाची रुंदी जेमतेम वीत-सव्वा वीत, तिथे दोन सेंटीमीटर म्हणजे फार झाले. शेपटीकडे जड असलेलं विमान मुळात स्थिरच नसतं. त्याचं नाक थोडं वर गेलं की ते आणखी वर जायला बघतं, थोडं खाली गेलं की आणखी खाली. माझा जायरो दोन रविवार प्रत्येक क्षणी ते सावरत होता. मला वर दिसत होतं शांत, सरळ उड्डाण. प्रत्यक्षात इलेव्हेटर एक सेकंद स्वस्थ नव्हता. वेग होता तोवर त्याला हवेचा जोर होता. उतरताना वेग गेला, जोर गेला, जायरोने इलेव्हेटर आधीच टोकापर्यंत खाली नेलेला. मी स्टिक ढकलली तेव्हा माझ्या वाट्याला काही उरलंच नव्हतं.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रिकामा कॅच ब्लॉक! कोणीतरी कधीतरी एक्सेप्शन पकडतो आणि त्याचं काहीही करत नाही, लॉगसुद्धा नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं. सहा महिन्यांनी, महिनाअखेरीला, रात्री दोन वाजता सगळं एकदम कोसळतं आणि शोधायला गेलं की कळतं, चूक पहिल्या दिवसापासून होती, फक्त कोणी बोलू देत नव्हतं. कोड रिव्ह्यूमध्ये असा ब्लॉक दिसला तर आपण समोरच्याची सालं काढतो. आणि रविवारी माळावर तोच ब्लॉक पैसे देऊन विकत घेतो.

असो. पुढचं विमान मी विकत घेतलं नाही.

पहिला प्रयत्न हास्यास्पद होता. कोपऱ्यावरच्या पाट्या बनवणाऱ्याकडून सनबोर्ड आणला. छान कडक, ब्लेडने सुरेख कापला जातो, वर पांढराशुभ्र. एक मीटर पंखांचं विमान कापलं, जोडलं, काट्यावर ठेवलं: सव्वा किलो. मोटर ओढणार साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ते उडणार, पण नाक वर करून टांगून राहणं विसरा. त्यासाठी मोटरची ओढ वजनाच्या दीडपट तरी हवी. दोन शनिवार फुकट गेले असं तेव्हा वाटलं. पण त्या दिवसापासून कुठलीही शीट हातात घेतली की आधी तिचा एक तुकडा काट्यावर ठेवायची सवय लागली. खोक्यातून विमान काढणाऱ्याला ही सवय कशी लागणार?

दुसरं केलं ५ मिलीमीटरच्या हलक्या फोम शीटचं. तिला फेविक्विक लावलं तर फोम वितळून भोक पडतं. हे मला माहीत होतं, तरी एकदा लावलंच. मग साधी गोंदबंदूक, तीसुद्धा हात आखडता ठेवून, कारण गोंदाचंही वजन असतं. पंखाच्या आत कार्बनची नळी. एलेरॉनला बिजागरी म्हणून चिकटपट्टी. लँडिंग गिअरला सायकलच्या दुकानातून आणलेले स्पोक. तपकीर गल्लीतून सोल्डरिंगचं सामान, बोहरी आळीतून टेप आणि बारीकसारीक. मोटर, ईएससी, ९ ग्रॅमचे चार सर्वो आणि १३०० ची तीन सेलची बॅटरी. सगळं मिळून ४९० ग्रॅम. त्या रात्री मी काट्याचा फोटो काढला होता. बायकोने विचारलं, "हा कसला फोटो?" मी म्हटलं, "वजनाचा." ती गप्प बसली.

आणि मग खरी मजा सुरू झाली. हे सगळं विमान उडायला लागल्यावर कळतं, पण ज्याने बनवलंय त्यालाच कळतं, हा माझा मुद्दा आहे.

सरळ वर चढवलं की ते डावीकडे जायचं. का? प्रॉपेलर एका दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानावर येते, त्याचा पिळलेला वारा शेपटीच्या एका बाजूवर आपटतो. उपाय: मोटरचं तोंड किंचित उजवीकडे करायचं. मागून बघितलं तर डावीकडच्या दोन स्क्रूंखाली एकेक वॉशर. बस्स. चार आण्याची वस्तू. पुढच्या रविवारी रेघ मारल्यासारखं वर गेलं.

कुशीवर उडवलं, म्हणजे एक पंख जमिनीकडे, एक आकाशाकडे आणि सगळा भार रडरवर, की ते हळूहळू पोटाच्या दिशेने वळायचं. बॅटरी अर्धा सेंटीमीटर मागे घेतली. थोडं कमी झालं. उरलेलं रेडिओत रडरबरोबर किंचित वरचा इलेव्हेटर मिसळून घालवलं. मग गुरुत्वमध्याची एक मस्त परीक्षा असते ती घेतली: ४५ अंशांत वर चढायचं, उलटं करायचं आणि इलेव्हेटर सोडून द्यायचा. विमान झपकन जमिनीकडे वळलं तर नाक जड. उलटं असूनही आणखी वर जायला लागलं तर शेपूट जड. सरळ जात राहून अगदी सावकाश झुकलं तर बरोबर. बघा, हे विमान बोलतंय! ते दर रविवारी काहीतरी सांगतं आणि तुम्ही शनिवारी त्याला उत्तर देता. जायरो चालू असताना ही परीक्षा घेता येत नाही. नाही म्हणजे घेता येते, पण उत्तर विमानाचं नसतं, मध्यस्थाचं असतं.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते अगदीच पोकळ नाहीत, हे कबूल करायला पाहिजे.

पहिला: जगातले सर्वोत्तम पायलट तरी कुठे बनवतात? खरं आहे. एफएआयच्या एफ३ए वर्गात, म्हणजे रेडिओ एरोबॅटिक्सच्या जागतिक स्पर्धेत, विमान दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाच किलोच्या आत असलं की झालं. ते पायलटनेच बांधलेलं असावं अशी अट या वर्गाला नाही आणि आज तिथे साच्यातून काढलेली कॉम्पोझिट विमानं विकत घेऊन उडवणारे पुष्कळ आहेत. पण त्याच नियमावलीत पुढे काय लिहिलंय तेही वाचा ना! ऑटोपायलट बंदी. गुरुत्व, जडत्व, कुठल्याही आधाराने विमान आपोआप सावरणारं यंत्र चालत नाही. म्हणजे ज्यांना बांधण्याची सक्ती नाही, त्यांनाही आपलं विमान स्वतःच्या अंगठ्यांनी सावरावं लागतं, आणि त्यासाठी ते आठवडेच्या आठवडे ट्रिम करत बसतात. १९७० च्या दशकात हे मैदान गाजवणारा ऑस्ट्रियाचा हान्नो प्रेटनर तर स्वतःच डिझाइन केलेलं 'क्युरारे' उडवायचा. त्यामुळे "चॅम्पियनसुद्धा विकत घेतात" हे वाक्य अर्धंच सांगायचं नाही.

दुसरा: तू ऑटोमेशनच्या विरोधात आहेस, आयटीवाला असून? अजिबात नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये मेनार्ड हिल या अमेरिकन मॉडेलरचं, बाल्सा लाकडाचं, जेमतेम पाच किलोचं विमान न्यूफाउंडलंडहून निघून अडतीस तासांहून जास्त उडत आयर्लंडला उतरलं. अटलांटिक ओलांडून! त्यात ऑटोपायलट होता. असणारच, दुसरा उपाय काय? पण हिल तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते, दृष्टी जवळजवळ गेलेली, आणि आयुष्यभर विमानं बांधून, आधीची काही समुद्रात घालवून मग त्यांनी हे केलं. आधी विमान स्थिर होतं, मग त्यावर ऑटोपायलट आला. आपलं उलटं चाललंय. ऑटोपायलट आधी, विमान नंतर, आणि पायलट कधीतरी पुढच्या जन्मी.

तिसरा मुद्दा नवशिक्यांचा. जायरो नसेल तर ते पहिल्याच दिवशी आपटतील आणि कायमचे सोडून जातील. हा मला सगळ्यात जास्त पटतो, आणि तरी मी म्हणेन, नवशिक्याने एरोबॅटिक विमान उडवायचंच कशाला? एरोबॅटिक विमान मुळातच स्वतःहून सरळ होत नाही, ते तुम्ही ठेवाल तसं राहतं, तीच तर त्याची गंमत. शिकायला वर पंख असलेला, स्वतःच सावरणारा साधा ट्रेनर घ्या. तोही कोरोप्लास्टचा किंवा फोमचा घरीच होतो, आणि आपटला तर त्याच संध्याकाळी चिकटतो. त्याआधी सिम्युलेटरवर वीस-तीस तास घालवा. तिथे मी किती विमानं मोडली याचा हिशेब ठेवलेला नाही.

आणि वेळ? वेळ नाही म्हणणारा माझा हा मित्र आठवड्याला एक अख्खी वेब सिरीज संपवतो. सोमवारी कॅन्टीनमध्ये आम्हाला सगळी गोष्टही सांगतो.

खरं सांगायचं तर ही सवय आम्हाला आधीच लावलेली आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजात दोन दिवसांची एरोमॉडेलिंग वर्कशॉप झाली होती. पाच-पाच जणांचा गट, लेझरने कापून आणलेले तुकडे, खुणा आधीच केलेल्या. आम्ही ए भाग बी भागाला चिकटवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर शिकवणाऱ्याने आमची विमानं उडवली, स्वतःच. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना सर्टिफिकेट. बॅटरी इथेच का ठेवायची असं एकानेही विचारलं नाही, कारण तिथे बॅटरीच्या आकाराचा चौकोन कापलेलाच होता. ते सर्टिफिकेट माझ्या रेझ्युमेवर तीन वर्षं होतं. मुलाखतीत एकदा विचारलंही, "ओह, यू बिल्ड एअरक्राफ्ट?" आणि मी न लाजता हो म्हणालो.

बांधावरचा तो मुलगा अजून येतो. त्याला मी थर्माकोलच्या पत्रावळीचं एक हातफेकी ग्लायडर करून दिलं, नाकाला टेपने रुपयाचं नाणं चिकटवून. पहिल्यांदा फेकलं तर ते नाकावरच गेलं. त्याने नाणं काढलं. मग ते वर उठून उलटं होऊन मागे पडलं. मग त्याने नाणं पुन्हा लावलं, पण या वेळी बोटभर मागे. मी काही सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांत तो जे करून गेला ते करायला मला इंजिनिअरिंगची डिग्री, एक बोनस आणि एक मोडकं विमान लागलं होतं. (रुपया परत मिळालेला नाही.)

राहता राहिलं माझ्या हातातलं परवाचं मोडकं विमान, ज्याच्यामुळे मी वाद हरलो. लपवत नाही, ते मीच मोडलं. गवताच्या अगदी जवळून उलटं न्यायला गेलो, उंचीचा अंदाज चुकला आणि उभं शेपूट गवतात अडकलं. चूक शंभर टक्के माझी. शेपूट कालच बदललं, फोमचे दोन तुकडे आणि पाऊण तास. नवं शेपूट चार ग्रॅमने जड झालंय, म्हणून बॅटरी थोडी पुढे घ्यावी लागणार. येत्या रविवारी मी काटा आणि वॉशरची पुडी बरोबर नेतोय. मित्राला सांगून ठेवलंय की पट्टीपण आणतोय, आधी तुझं विमान बोटांवर उचलू, मग उडव. त्याने अजून हो म्हटलेलं नाही.